बंद दुकानातील ठेव

व्यापारी दुकान बंद करतो तेव्हा ज्यांचे पैसे त्याच्याकडे आगाऊ जमा असतात त्या ग्राहकांशी त्याचे नाते ऋणकोचे असते की विश्वस्ताचे, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा वाटतो. परंतु ज्या समाजात पैसा देताना पावतीपेक्षा शब्दावर अधिक भिस्त ठेवली जाते, तेथे तो आधी धर्मविचाराचा प्रश्न असतो. येथे धर्म म्हणजे उपासनापद्धती असे अभिप्रेत नसून, माणसामाणसांतील व्यवहार ज्या बंधनांमुळे टिकून राहतो त्या बंधनांचा समूह, हा जुना आणि व्यापक अर्थ अभिप्रेत आहे. त्या अर्थाने पाहिले तर मंदीच्या काळात दोन गोष्टी तपासाव्या लागतात: बुडत्या दुकानदाराला ग्राहकाच्या पैशाला हात लावण्याचा अधिकार कितपत आहे, आणि ग्राहकाने आपल्या पैशाविषयी सावध राहणे हा विश्वासाला तडा आहे की विश्वासाचाच एक भाग आहे.

मंदी या संज्ञेने अर्थशास्त्रात मागणी, उत्पादन आणि रोजगार हे तिन्ही एकाच वेळी आणि काही काळ सलग घटत राहण्याची अवस्था सांगितली जाते. यवतमाळ जिल्ह्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या प्रदेशात मात्र मंदी येण्यासाठी देशाचे राष्ट्रीय उत्पन्न घटावेच लागते असे नाही. पाऊस लांबला, बोंडअळी पडली किंवा भाव पडले की पुसद, वणी, दिग्रस, दारव्हा, पांढरकवडा येथल्या बाजारपेठा त्याच हंगामात ओस पडू लागतात. या बाजाराचे वर्ष खरिपाला बांधलेले आहे. मृग लागण्याआधी शेतकरी कृषी केंद्रातून बियाणे आणि खत उधारीवर उचलतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस आणि सोयाबीन घरात येऊ लागले की ती उधारी फिटते, आणि त्यानंतर हातात जे उरते त्यातून लग्नाचे सोने, घराचे लोखंड-सिमेंट किंवा दुचाकी यांसाठी बयाणा दिला जातो. म्हणजे वर्षाच्या एका अर्ध्यात दुकानदार हा ग्राहकाचा सावकार असतो आणि दुसऱ्या अर्ध्यात ग्राहक हा दुकानदाराचा. ही अदलाबदल हिशेबाच्या वहीत नोंदली जाते, पण ती चालते ती ओळखीवर. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, वऱ्हाडच्या कापसाला मिळालेला चढा भाव युद्ध संपताच कोसळला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव घसरले आणि १९३१ नंतर देशभरच्या घरांतून सोने बाहेर पडून परदेशी गेले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. २०२० साली टाळेबंदीने दुकानांची दारे बंद केली. कारणे वेगवेगळी होती, तरी आधी शेतातली आवक थांबते, मग उधारी थकते, मग दुकानदाराची ठोक व्यापाऱ्याकडची पत संपते आणि शेवटी, ज्यांनी वस्तू मिळण्याआधी पैसे दिले ते ग्राहक रिकाम्या हाताने उभे राहतात, हा क्रम अशा प्रत्येक पडझडीत संभवतो.

भारतीय धर्मशास्त्राने, म्हणजे स्मृती आणि त्यांवरील टीकाग्रंथ यांतून घडलेल्या विधिविचाराने, हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. मनुस्मृतीत खटल्यांचे जे अठरा विषय, म्हणजे व्यवहारपदे, सांगितले आहेत त्यांत पहिले ऋणादान, म्हणजे कर्ज देणे-फेडणे, आणि लगेच दुसरे निक्षेप, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, असा क्रम आहे. कर्ज आणि ठेव ही दोन स्वतंत्र पदे मानली गेली, याला मोठा अर्थ आहे. कर्जात धन घेणाऱ्याचे होते आणि त्याने तेवढेच दुसरे धन परत करायचे असते. ठेवीत धन ठेवणाऱ्याचेच राहते आणि तीच वस्तू परत द्यायची असते. याज्ञवल्क्यस्मृतीने आणि तिच्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरा या टीकेने हा भेद अधिक बारकाईने मांडला. मोहोरबंद अवस्थेत, आत काय आहे ते न सांगता सोपवलेली वस्तू ती उपनिधी, आणि मोजून-दाखवून सोपवलेली तो निक्षेप. राजाने, दैवी आपत्तीने किंवा चोराने ठेव हिरावली तर ती राखणाऱ्याला दोष लागत नाही; परंतु मालकाने मागितल्यानंतर ती दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर तिची किंमत भरून वर तेवढाच दंड द्यावा लागतो; आणि स्वतःच्या मर्जीने त्या ठेवीवर जो उपजीविका करतो त्याने ती वाढीसह परत करून शिक्षाही भोगावी, असा दंडक आहे. या ग्रंथांतील समाजरचना जन्मावर आधारलेल्या विषमतेची आहे, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले ते याच कारणासाठी. म्हणून येथे त्यांचा आधार प्रमाण म्हणून घेतलेला नाही. प्रश्न किती जुना आहे आणि त्याचे पदर पूर्वीच्या विचारवंतांना किती स्पष्ट दिसले होते, एवढेच त्यावरून दाखवायचे आहे.

मागितल्यानंतर न देणे आणि स्वतःच्या मर्जीने त्यावर जगणे, ही दोन कलमे आजच्या दुकानालाही लागू पडतात. मंदी ही दैवी आपत्तीत मोडते, असे दुकानदार म्हणू शकतो, आणि काही अंशी ते खरेही आहे. पाऊस त्याच्या हातात नाही आणि कापसाचा जागतिक भावही नाही. परंतु ग्राहकाचा बयाणा बुडतो तो पावसाने वाहून गेल्यामुळे नव्हे. तो पैसा आधीच दुकानाच्या भाड्यात, जुन्या देण्यात, बँकेच्या हप्त्यात किंवा घरखर्चात गेलेला असतो. आपत्ती दुकानावर आली हे मान्य केले तरी ठेव गेली ती वापरामुळे, आणि वापराचा निर्णय माणसाचा होता.

यावर असा आक्षेप घेता येईल की बयाणा ही मुळात ठेव नव्हेच. ग्राहकाने नोटा मोहोरबंद करून ठेवायला दिल्या नव्हत्या. दुकानदाराने त्यांतून माल आणावा, हीच अपेक्षा होती. हा आक्षेप बिनतोड आहे आणि आजचा कायदा याच बाजूने उभा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे दुरुस्तीला दिलेले घड्याळ, शिवायला दिलेले कापड किंवा पुन्हा घडवण्यासाठी सोनाराकडे सोपवलेली पाटली ही निक्षेपच आहे. तिची मालकी ग्राहकाचीच राहते आणि दुकान बुडाले तरी ती धनकोंच्या वाटणीत जाऊ शकत नाही. उलट त्याच सोनाराला नव्या पाटल्यांसाठी दिलेली आगाऊ रक्कम, किंवा नव्या दागिन्याच्या किमतीत वळती करून दिलेली जुन्या दागिन्यांची मोड, ही दिल्या क्षणी दुकानाची होते आणि ग्राहकाकडे उरतो तो केवळ एक दावा. एकाच काउंटरवर, एकाच दिवशी, एकाच विश्वासाने दिलेल्या या दोन गोष्टींचे भवितव्य इतके भिन्न असते, हे बहुतेक ग्राहकांना दुकान बंद झाल्यावरच कळते. दावा उरला की त्याचा क्रम लागतो, आणि तो क्रम ग्राहकाला फारसा अनुकूल नाही. कंपनी असलेल्या दुकानाला लागू होणाऱ्या नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५३ प्रमाणे आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेतलेले धनको आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी बरोबरीने, मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार, मग विनातारण वित्तीय धनको, मग शासनाची देणी, आणि त्यानंतर इतर देण्यांत आगाऊ पैसे दिलेला ग्राहक येतो. घर खरेदी करणाऱ्यांना २०१८ च्या दुरुस्तीने वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. सोफा, दागिने किंवा पाण्याचा पंप घेणाऱ्यांना तो मिळालेला नाही. शिवाय ही प्रक्रिया सुरू करण्यासाठी किमान एक कोटी रुपयांची थकबाकी लागते, आणि ती एकदा सुरू झाली की ग्राहक आयोगातील तक्रारही स्थगित राहते. यवतमाळच्या बाजारातील बहुसंख्य दुकाने एकट्या मालकाची किंवा भागीदारीची असतात, त्यांना प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० हा जुनाच कायदा लागू पडतो. तेथे मालकाचे घर आणि दुकान यांत कायदा भेद करत नाही, त्यामुळे वसुलीला वाव अधिक असला तरी ती जिल्हा न्यायालयातून वर्षानुवर्षे चालू शकते.

तेव्हा बयाणा कायद्याने ऋण आहे आणि देणाऱ्याच्या मनाने अमानत आहे. या दोहोंतील अंतर हेच या विषयाचे मर्म होय, आणि ते अंतर सर्वांत रुंद दिसते सराफाच्या मासिक योजनेत. ग्राहकाने अकरा महिने ठराविक हप्ता भरायचा, बारावा हप्ता किंवा त्याएवढी सूट दुकानाने द्यायची आणि शेवटी त्या रकमेचे दागिने न्यायचे, अशी ही योजना गावोगावी भिशी या नावानेच ओळखली जाते. हप्ते अकराच का, याचे कारण असे की कंपन्यांच्या ठेवींविषयीच्या २०१४ च्या नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली तरच ती ठेव समजली जात नाही. म्हणजे दुकान कायद्यापुढे सांगते की ही ठेव नव्हे, आणि ग्राहकापुढे तीच गोष्ट बचत म्हणून मांडते. २०१९ साली दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवली भागात गुडविन ज्वेलर्सची दुकाने अचानक बंद झाली तेव्हा रांगेत उभे राहिलेल्यांमध्ये मुलीच्या लग्नासाठी सोने साठवणारी कुटुंबे आणि निवृत्तीची रक्कम गुंतवलेले लोक होते. त्यांच्या लेखी ते कोणाला कर्ज देत नव्हते, ते सोने जमवत होते. त्याच वर्षी अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आधीपासूनच आहे, ज्याखाली बुडवणाऱ्या वित्तीय आस्थापनेची मालमत्ता जप्त करता येते. हे कायदे उपयोगाचे आहेत, पण ते बहुतांशी पैसा गेल्यानंतर धावून येतात.

या अंतराकडे पाहण्याची दुसरी दृष्टी मराठी भक्तिपरंपरेत सापडते. तिचा सर्वांत अधिक गैरवापर याच प्रसंगी होतो, म्हणून तिच्याकडे काळजीपूर्वक पाहणे आवश्यक आहे. दुकान बुडाले की पैसा ही माया आहे, नशिबात होते ते गेले, संतांनीही कर्जखते पाण्यात बुडवली, असे सांत्वन ऐकू येते. कधी ते ग्राहकच स्वतःला देतो, कधी दुकानदार ग्राहकाला. संतांनी कर्जखते बुडवली हे परंपरेने सांगितले आहे, पण ती कोणाची होती हे त्या सांत्वनात गळून पडते. तुकोबांचे घराणे देहूचे, महाजनकी आणि वाण्याचा व्यवसाय असलेले. सन १६३० च्या सुमारास पडलेल्या भयंकर दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. मंदीत बंद पडलेल्या दुकानाचे इतके जिवंत उदाहरण मराठी धर्मजीवनात दुसरे नाही. त्यानंतर, महिपतीने सांगितलेल्या परंपरेनुसार, तुकोबांनी वडिलार्जित कर्जखते इंद्रायणीत बुडवण्याचे ठरवले तेव्हा धाकटे बंधू कान्होबा यांनी संसार चालवण्याची अडचण सांगितली. आणि तुकोबांनी खतांचे दोन वाटे करून अर्धी कान्होबांना दिली व फक्त आपल्या वाट्याची नदीत टाकली. या कथेत दोन तपशील निर्णायक आहेत. बुडवलेली खते ही लोकांकडून येणे असलेल्या रकमांची होती, लोकांना देणे असलेल्या रकमांची नव्हती. आणि भावाचा वाटा वैराग्याच्या भरातही बुडवला गेला नाही. त्याग आपल्या हक्काचा करता येतो, दुसऱ्याच्या हक्काचा त्याग करण्याचा अधिकार कोणालाही नाही, हा भेद तुकोबांच्या कृतीतच आहे. तेव्हा ग्राहकाने आपला बयाणा सोडून दिला तर तो त्याग ठरेल. दुकानदाराने ग्राहकाला तो सोडायला सांगणे याला त्याच परंपरेत कसलेही स्थान नाही.

दामाजीपंतांची कथा या भेदाला आव्हान देणारी वाटते. मंगळवेढ्याच्या या कारभाऱ्याने दुष्काळात बिदरच्या बादशाहीची धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. म्हणजे जे स्वतःचे नव्हते ते दिले. दया मोठी की अमानत मोठी, हा प्रश्न येथे थेट उभा राहतो, आणि परंपरेने दिलेले उत्तर फार विचारपूर्वक आहे. कथा दामाजींना दोषी धरत नाही, पण बादशाहाचे येणेही माफ करत नाही: विठ्ठल विठू महार होऊन बिदरला जातो, धान्याची पूर्ण किंमत भरतो आणि त्याची पावती घेऊन येतो. उपाशी माणसाला वाचवणे योग्य ठरले, तरी ज्याचे होते त्याचा हिशेब शून्यावर आणल्याशिवाय कथा संपत नाही, आणि ते आणण्यासाठी प्रत्यक्ष देवाला पावती घ्यावी लागते. एकनाथांविषयी सांगितले जाते की देवगडावर जनार्दनस्वामींकडे हिशेब ठेवताना एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर जागले आणि ती सापडल्यावर त्यांना झालेला आनंद पाहून गुरूंनी तीच एकाग्रता परमार्थाकडे वळवण्यास सांगितले. येथेही हिशेबाला परमार्थाचा शत्रू मानलेले नाही. तो त्याची पूर्वतयारी मानलेला आहे.

यवतमाळच्या बाजारात ज्या इतर धर्मपरंपरांचे लोक शेजारी-शेजारी दुकाने लावतात त्यांच्याही शिकवणुकीत हा धागा दिसतो. कुराणाच्या चौथ्या अध्यायात अमानती त्यांच्या मालकांना परत करण्याची आज्ञा आहे, आणि परंपरा सांगते की इ. स. ६२२ मध्ये पैगंबरांनी मक्का सोडली तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या वस्तू परत करण्यासाठी अली यांना मागे ठेवले. त्या ठेवी ज्यांच्या होत्या त्यांत त्यांना विरोध करणारेही होते. पाली दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक आपत्तीसाठी राखून ठेवावा, असा उपदेश आहे. आणि अंगुत्तरनिकायात अनाथपिंडिक या श्रेष्ठीला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋणमुक्त असण्याचे सुख हे एक आहे. आपत्तीसाठी वेगळा काढलेला चौथा भाग हा दुकानदारालाही लागू आहे आणि ग्राहकालाही, आणि ग्राहकाने तो भाग दुकानात बयाणा म्हणून गुंतवला तर तो मुळी राखून ठेवलेला राहतच नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे राहून गांधीजींनी मांडलेला विश्वस्तवृत्तीचा विचार, म्हणजे धनिकाने आपल्या संपत्तीचा मालक न राहता समाजाच्या वतीने विश्वस्त व्हावे हा विचार, अनेकांना अव्यवहार्य वाटला. तो संपूर्ण संपत्तीला लावणे कठीण असेलही. पण ग्राहकाने आगाऊ दिलेल्या रकमेला तो लावण्यात अव्यवहार्य असे काही नाही, कारण तेथे मालक कोण हे उघड आहे. त्या रकमेचे खाते वेगळे ठेवणे, आणि माल हातात दिल्यावरच ती रक्कम दुकानाच्या गल्ल्यात आणणे, एवढेच करायचे असते.

आता ग्राहकाची बाजू. गावात एखाद्या दुकानदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या जाणे-येणे असताना त्याच्याकडे पक्के बिल मागणे, बयाणा कमी देणे किंवा माल कधी येणार ते लिहून घेणे हे अनेकांना अपमानास्पद वाटते, आणि हा संकोच थोर मनाचा असला तरी त्याची तपासणी झाली पाहिजे. ठेव कोणाकडे ठेवावी याची परीक्षा करण्याचा उपदेश स्मृतिकारांनी ठेवणाऱ्यालाच केला आहे. त्यांनी सांगितलेली कुळाची कसोटी आज टाकून देण्याजोगी आहे, पण आचरण, सत्यनिष्ठा आणि सांपत्तिक स्थिती पाहण्याची कसोटी आजही तशीच लागू आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात प्रपंचातील सावधपणाला जे स्थान आहे ते परमार्थाला पूरक म्हणूनच आहे. सावध ग्राहक दुकानदारावर अन्याय करत नाही, उलट त्याला एका मोहापासून वाचवतो. कारण जो पैसा हातात नसतो त्यावर जगण्याची पाळी येत नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा ग्राहकाला याचक न मानता अर्थव्यवस्थेचा केंद्रबिंदू मानण्याची जी भूमिका घेतली गेली, तिच्या मुळाशीही सावधपणा हे नागरिकाचे कर्तव्य असल्याची जाणीव होती.

या कर्तव्याचा व्यवहारातील आकार साधा आहे. मंदीची चाहूल असताना बयाणा शक्य तितका कमी द्यावा आणि उरलेली रक्कम माल ताब्यात घेताना चुकती करावी. बिल वस्तू व सेवा कराच्या क्रमांकासह घ्यावे, पैसे रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत, आणि माल देण्याची तारीख बिलावर लिहून घ्यावी. दुरुस्तीला किंवा घडणावळीला दिलेल्या वस्तूची वेगळी, वजनासह पावती असावी, म्हणजे ती वस्तू ग्राहकाची आहे हे दाखवता येते. जुनी मोड देताना तर ती घडवायला दिली की किमतीत वळती केली, हे पावतीवर स्पष्ट असणे फार महत्त्वाचे आहे. भेटकूपन किंवा दुकानात जमा राहिलेली परताव्याची रक्कम ही बिनव्याजी उधारीच होय, ती लवकर वापरावी. दुकान बंद पडलेच तर हमी उत्पादकाची आहे की दुकानाची, हे पाहून उत्पादकाकडे मागणी करावी. प्रत्येक जिल्ह्याप्रमाणे यवतमाळलाही जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असलेली तक्रार तेथे करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

सावधपणाला एक सीमाही आहे, आणि ती बँकेच्या उदाहरणाने अधिक नीट कळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि खात्यातून पाच हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येईल असा आदेश दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुरेसे भांडवल आणि उत्पन्नाची शक्यता उरली नसल्याचे सांगून, तिचा परवाना रद्द झाला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने दिलेल्या माहितीप्रमाणे सुमारे ७९ टक्के ठेवीदार ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र होते आणि ऑक्टोबर २०२२ च्या मध्यापर्यंत विमा महामंडळाने २९४.६४ कोटी रुपये दिलेले होते. ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. १९६० साली केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि यवतमाळहून फार दूर नसलेल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा १९६१ चा ठेव विमा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागे १५०० रुपयांचे संरक्षण सुरू झाले. आज ते मुद्दल व व्याज मिळून, एका बँकेतील सर्व शाखांसाठी एकत्रित, पाच लाख रुपये आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ते देण्याची तरतूद आहे. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हा विमा नाही, आणि खेड्यापाड्यांत हा फरक अजून पुरेसा माहीत नाही, ही चिंतेची बाब आहे.

विम्याचे नैतिक मोल असे की तो घाबरण्याचे कारण काढून टाकतो. अफवेवरून सगळ्यांनी एकाच दिवशी पैसे मागितले तर सुस्थितीतील बँकही कोसळते, आणि चांगले चाललेले दुकानही. तेव्हा प्रत्येकाची वैयक्तिक सावधगिरी मिळून सर्वांचे नुकसान करते. दुकानांना असा विमा नाही. म्हणून दुकानाच्या बाबतीत सावधपणाची योग्य वेळ पैसे देण्याआधीची आहे; दिल्यानंतर केवळ कुजबुजीवरून दुकानदाराच्या दारात गर्दी करणे, किंवा ओळखीचा उपयोग करून इतरांच्या आधी आपलेच पैसे गुपचूप काढून घेणे, यातून ज्याचा त्रास वाढतो तो बहुधा ओळख नसलेला, दूरच्या गावचा ग्राहक असतो. घाटंजी किंवा झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या पोडावरून, म्हणजे कोलाम वस्तीवरून, आलेल्या माणसाला बाजारातील कुजबूज सर्वांत शेवटी कळते.

ग्राहकाच्या सावधपणाला जशी योग्य वेळ असते, तशीच दुकानदाराच्या बाजूनेही एक वेळ आहे. माल आणणे आता शक्य नाही हे ज्या दिवशी त्याला स्वतःच्या वहीवरून कळते, त्या दिवसापासून नवा बयाणा घेणे म्हणजे अमानतीवर जगणे होय. त्याआधीचे नुकसान आपत्ती म्हणता येईल, त्यानंतरचे नाही. नादारी संहितेच्या कलम ६६ ने कंपनीच्या संचालकांना अशाच जाणिवेच्या क्षणापासून व्यक्तिशः जबाबदार धरण्याची तरतूद केली आहे, यावरून कायदाही त्या क्षणाचे महत्त्व जाणतो असे दिसते. ज्यांनी आगाऊ दिले त्यांची यादी करणे, दुरुस्तीला आलेल्या वस्तू आधी परत करणे, उरलेला माल आधी पैसे भरलेल्यांना देणे आणि जे शक्य नाही ते स्पष्ट सांगणे, हे सारे शटर ओढण्यापूर्वी करता येण्याजोगे आहे.

एक कठीण प्रश्न तरीही उरतो. शेवटच्या आठवड्यात गल्ल्यात थोडीच रक्कम असेल, आणि एका बाजूला तीन महिने पगार न मिळालेला दुकानातील नोकर व दुसऱ्या बाजूला बयाणा दिलेला ग्राहक उभा असेल, तर आधी कोणाला द्यावे? ती रक्कम वेगळी राखलेली अमानत असेल तर तिच्यावर नोकराचाही हक्क नाही, ती ग्राहकाची आहे. पण बहुधा ती वेगळी राखलेली नसते, सर्व काही मिसळलेले असते, आणि तेव्हा कायद्याने नोकराला दिलेले प्राधान्य धर्मविचारालाही मान्य व्हावे असे वाटते. कारण ग्राहकाने दिलेल्या पैशाबाबत निवड करण्याची संधी त्याला एकदा तरी होती, आणि महिनाभर राबून मग पगाराची वाट पाहणाऱ्या माणसाने आपले श्रम आधीच, कसलीही पावती न घेता, देऊन टाकलेले असतात.